दोष केवळ पालकांचा नाही

विकसनशील देशांत बालकांचे लसीकरण अपुरे राहते ते प्रामुख्याने पालकांच्या अज्ञानामुळे, हे प्रतिपादन मला अपुरे वाटते. पेंटाव्हॅलंट लसीची (पाच रोगांपासून संरक्षण देणारी एकत्रित लस) पहिली मात्रा मिळूनही तिसरी न मिळालेली मुले अशा देशांत मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या माता एकदा केंद्रावर आल्या होत्या, म्हणजे त्यांचा लसीला विरोध नव्हता; मग त्या परत का आल्या नाहीत, हा खरा प्रश्न आहे. दिवसाची मजुरी बुडते, केंद्र दूर असते आणि तिथे पोहोचल्यावर कधीकधी 'आज मुले कमी आहेत, पुढच्या वेळी या' असे ऐकावे लागते.

या उत्तरामागे आळसच असतो असे नाही. गोवराची लस अनेकदा दहा मात्रांच्या कुपीत येते आणि द्रावक (लस विरघळवणारा द्रव) मिसळल्यावर सहा तासांत संपली नाही तर फेकून द्यावी लागते, त्यामुळे एक-दोन मुलांसाठी कुपी उघडण्यास कर्मचारी कचरतात. वाया गेलेल्या मात्रांचा हिशेब द्यावा लागतो. परत पाठवलेल्या मुलाचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. गोवराची साथ रोखण्यासाठी तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक मानले जाते.

अविश्वासाचा अडथळाही खरा आहे. २००३ मध्ये नायजेरियातील कानो राज्याने पोलिओ लसीकरण थांबवले आणि तिथला विषाणू पुढे अनेक देशांत पोहोचला. मात्र त्याच कानोमध्ये १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत मुलांवर एका औषधाची वादग्रस्त चाचणी झाली होती, आणि ती लोक विसरले नव्हते. अशा भीतीला अज्ञान म्हणणे मला पटत नाही.