परदेशी विद्यापीठाबरोबर एचआयव्ही प्रशिक्षणाचा करार : मसुद्यात काय मागून घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. एक परदेशी विद्यापीठ आमच्याशी पाच वर्षांचा सामंजस्य करार करू पाहतंय. विषय : सार्वजनिक आरोग्याचं प्रशिक्षण आणि एचआयव्हीचे उपचार. मसुदा हातात आलाय, त्यावर आमचं म्हणणं कळवायचं आहे. अशा करारात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया अनुभव सांगावेत.

वाचताना सगळ्यात आधी खटकलं ते हे. संशोधनाचा डेटा, रक्ताचे नमुने, शोधनिबंधांवरची नावं यांच्यावर पानंच्या पानं आहेत आणि रुग्णसेवेवर एकच वाक्य : दोन्ही संस्था सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी प्रयत्न करतील. कुणी करायचं, कुठल्या पैशातून, कधीपर्यंत, यातलं काहीच नाही.

माझ्या मते सेवा आधी हवी, संशोधन तिच्या मागून. हे काही स्वप्नरंजन नाही. केनियात एल्डोरेटचं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ १९८९ पासून बरोबर काम करतायत. सुरुवात वैद्यकीय शिक्षणापासून झाली. इंडियानाचे डॉक्टर तिथेच मुक्काम करून वॉर्डात शिकवायचे. एड्सच्या पेशंटनी वॉर्ड भरून जायला लागले तेव्हा २००१ मध्ये दोघांनी मिळून उपचारांचा कार्यक्रम उभा केला, तोच आजचा ॲम्पाथ. पोटात अन्न नसेल तर नुसत्या गोळ्यांनी पेशंट उभा राहत नाही, हे दिसल्यावर त्यांनी शेती करून रुग्णांना धान्य-भाजीपालाही पुरवला. संशोधन या सगळ्याच्या पाठोपाठ आलं, आणि भरपूर आलं.

आमच्या एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातल्या, समुपदेशक ताईंचं काम मी जवळून बघते. गोळ्या न्यायची तारीख उलटली की त्या रजिस्टर काढून एकेकाला फोन लावतात. पलीकडून कुणी उचललाय ते कळेपर्यंत कुठून बोलतेय हे सांगत नाहीत. आवाज ओळखीचा वाटला की आधी तब्येतीची चौकशी, मग हळूच गोळ्यांचा विषय. उपचार टिकतो तो अशा कामावर. मसुद्यात मात्र प्रशिक्षणाच्या सगळ्या जागा प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना. नर्स, समुपदेशक, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांचा उल्लेखसुद्धा नाही. त्यांच्यासाठी तिकडच्या शिक्षकांनी इथे येऊन काही महिने राहावं, असं कलम कुणी घालून घेतलंय का? आठवडाभराच्या कार्यशाळा आणि प्रमाणपत्रं नकोत.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि झोप उडवणारा हाच आहे. फोन करणारी, घरी जाऊन येणारी माणसं प्रकल्पाच्या पगारावर नेमायची असं ठरतंय. प्रकल्प संपला की पुढे काय? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली तेव्हा पेपफार या अमेरिकेच्याच एचआयव्ही मदत कार्यक्रमाच्या पैशावर चालणाऱ्या अनेक देशांतल्या क्लिनिकमधली माणसं एकदम घरी बसली. म्हणून मला पहिल्याच वर्षापासून काही पदं आमच्या संस्थेच्या पगारावर यायला हवी आहेत, दरवर्षी थोडी थोडी. हे वरिष्ठांच्या गळी कसं उतरवायचं?

अनुदान कुणाच्या नावावर असावं, हाही मुद्दा त्यातलाच. २०१० साली अमेरिकेने आफ्रिकेतल्या वैद्यकीय शिक्षणासाठी मेपी नावाचा कार्यक्रम काढला, पाच वर्षांसाठी १३ कोटी डॉलरचा. त्यात अनुदान थेट आफ्रिकेतल्या संस्थांना मिळालं आणि अमेरिकी विद्यापीठं त्यांची भागीदार झाली. आमच्या मसुद्यात पैसा आधी तिकडे, मग हप्त्याहप्त्याने इकडे. बदलून मागणं फार होईल का?

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीतही फरक आहे. त्यांची मुलं आमच्या ओपीडीत पेशंट तपासणार, आमची तिकडे नुसती बघत उभी राहणार. परवान्याचे नियम असतात हे मान्य, पण मग दोन्हीकडे सारखंच ठेवावं. शोधनिबंधांवरच्या नावांचं आम्ही बोलून घेऊ, तो वाद सुटण्यासारखा आहे.

भर : प्रतिसादांत दोघांनी पेशंटच्या संमतीबद्दल विचारलंय. बरोबर आहे, ते राहूनच गेलं होतं. समुपदेशनाच्या खोलीत पाहुणा विद्यार्थी बसणार असेल तर तो बाहेर असतानाच पेशंटला विचारायचं, आणि नाही म्हटल्याने उपचारात काही फरक पडणार नाही हे आधी सांगायचं, असं लिहून देतेय. नाव, फोन नंबर असलेली कुठलीही नोंद संस्थेबाहेर जाणार नाही, हेही. नमुने परदेशी पाठवायचे झाले तर त्याआधी नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि आवश्यक त्या सरकारी परवानग्या लागतील.

कुणाकडे अशा कलमांची नेमकी शब्दरचना असेल तर संस्थेचं नाव काढून इथेच टाका. नर्सच्या प्रशिक्षणाचं आणि पदं वर्ग करण्याचं कलम आधी हवंय. महिनाअखेर उत्तर पाठवायचं आहे.