मदत हवी आहे: स्पेक्ट्रम प्लसला प्रिंटर आणि सिरियल पोर्ट

नमस्कार मंडळी. काकांच्या माळ्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) सापडला, आणि चक्क चालू निघाला! त्याला पॅरलल आणि सिरियल पोर्ट बसवून राहिलो आहे.

पॅरललसाठी (म्हणजे प्रिंटरसाठी) सीताबर्डीतून ८२५५ ही पोर्टची चिप आणली. तिचे पत्ते ३१, ६३, ९५ आणि १२७. रीसेटची उलटी गंमत (झेड८० या प्रोसेसरचा शून्यावर, ८२५५ चा एकवर) कळायलाच एक रविवार गेला. आता जुना डॉट मॅट्रिक्स छान छापतो. पण जॉयस्टिकचा इंटरफेस लावला की पहिल्याच अक्षराला अडकतो. मला वाटतं, तो इंटरफेस पत्त्याच्या तारांपैकी (ए०, ए१ वगैरे) फक्त ए५ शून्य आहे का एवढंच बघतो. म्हणजे प्रिंटरचा बिझी (थांबा, काम चालू आहे असा सिग्नल) वाचायला मी ९५ वाचला की ८२५५ आणि जॉयस्टिक दोघंही एकदम बोलतात. त्या इंटरफेसला ए६ आणि ए७ पण तपासायला लावले तर भागेल का?

दुसरं, सिरियलच्या १६५५० या चिपला आठ पत्ते लागतात, आणि ए० शून्य असलेले सगळे यूएलएने (स्पेक्ट्रमच्या आतल्या मुख्य चिपने) बळकावलेले. रजिस्टर निवडायला ए८ ते ए१० वापरावे म्हणतो. आयएन ए,(सी) या झेड८० च्या पोर्ट वाचायच्या आज्ञेत बी रजिस्टर वरच्या तारांवर येतंच. कुणी असं केलंय का? क्रिस्टल १.८४३२ मेगाहर्ट्झचा आहे, चिप १६ ने भागतेच, वर १२ ने भागून ९६०० बॉड (सिरियलचा वेग) हवेत.

आणि हो, आतला ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) इतका तापतो की आत्ताच हात लावू देत नाही. नागपूरचा मे महिना आहे भाऊ! या नव्या पोर्टांच्या कार्डाला ५ व्होल्ट वेगळे देऊ का?