दुकानाची चूक आपल्या फायद्याची असेल तर?

पायवाट:
मागच्या आठवड्यात एक चादर विकत घेतली. घरी येऊन घडी मोडली तर आतून दुसरी निघाली. रंग तोच, नक्षी तीच. फळीवर रचताना एकीच्या घडीत दुसरी अडकली असणार. पावती पाहिली: नग १. पुढचे तीन दिवस ती दुसरी चादर कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून होती. ना अंथरली, ना परत नेली. त्या तीन दिवसांत मी स्वतःची समजूत घालत होते. मी कुठे मागितली होती? चूक त्यांची. एवढ्या मोठ्या दुकानाला काय फरक पडतो? परत जायचं म्हणजे माझाच अर्धा दिवस मोडणार. यातलं एकही वाक्य मला आता पटत नाही.

चौथ्या दिवशी गेले. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, मी चादर बदलून घ्यायला आलेय. तिने पावती दोनदा वाचली, दोन्ही चादरी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मीच पिशवीत भरून दिली होती." मी दुसरीचे पैसे भरले आणि ती ठेवून घेतली. मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "सुटलं होतं ते सुटलं होतं, उकरून कशाला काढलंत?"

माझं म्हणणं असं की पिशवी उचलली तेव्हा मला माहीत नव्हतं, तोवर ती दुकानाची चूक होती. पावती वाचली त्या क्षणापासून चादर ठेवून घेणं हा माझा निर्णय झाला. तो दुकानाच्या माथी मारता येणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, मला मनापासून ऐकायचं आहे.

उलटतपासणी:
असहमत. तुम्ही जे केलंत त्याबद्दल आदर आहे, पण ते सगळ्यांचं कर्तव्य आहे हे मान्य नाही.

एका मोठ्या कंपनीच्या ॲपवरून खरेदी केली, खात्यातून पैसे दोनदा कापले गेले. दोन महिने झाले. सात मेल लिहिले, प्रत्येकाला तेच साच्यातलं उत्तर. शेवटी रकमेऐवजी कूपन देऊ केलं. म्हणजे त्यांच्या चुकीने माझे पैसे गेले तर मी खेटे घालायचे, आणि त्यांच्या चुकीने मला काही मिळालं तरी खेटे मीच घालायचे? हल्ली माल स्कॅनही आपणच करतो, पिशवीही आपणच भरतो. आता त्यांचा हिशोबही आपणच तपासायचा का? शिवाय धंदा करणारा माणूस तूट धरूनच भाव ठरवतो. ती तूट मी प्रत्येक खरेदीत आधीच भरतोय.

गल्ला_मोजलाय:
मी चार वर्षं काउंटरवर काढली आहेत, म्हणून लिहितोय. "दुकानाची चूक" असं आपण एका शब्दात म्हणतो, पण आत बसलेल्या माणसाला त्या तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, सुटे पैसे जास्त दिले गेले. सकाळी ड्रॉवरमध्ये ठरलेली रक्कम ठेवून सुरुवात होते. रात्री नोटा मोजायच्या, सकाळची रक्कम वजा करायची आणि मशीनच्या अहवालाशी ताळा जुळवायचा. कमी पडले तर कागदावर आकडा लिहून सही. आमच्याकडे महिन्यात तीन वेळा तूट आली की पत्र मिळायचं. म्हणून बरेच जण सही करण्यापेक्षा पदरचे भरून मोकळे व्हायचे. मीही भरलेत. एकदा घाईत एका गिऱ्हाइकाने दिलेली नोट मी मोठी समजलो आणि तेवढे सुटे परत केले. रात्री तिसऱ्यांदा मोजताना हात गार पडले होते. ते गिऱ्हाईक कोण ते मला आठवत होतं. ती व्यक्ती नंतरही दुकानात येत राहिली.

दुसरी, वस्तू स्कॅन व्हायची राहिली. ही ड्रॉवरमध्ये दिसतच नाही. पुढे कधीतरी मालाची मोजणी होते तेव्हा नग कमी भरतो, आणि तो कुणाच्या हातून सुटला हे तोवर कुणालाच सांगता येत नाही. तिसरी, सिस्टिममध्येच किंमत चुकीची भरलेली. तिथे काउंटरवरच्या कुणालाही भुर्दंड पडत नाही.

त्यामुळे माझी विनंती मुख्यतः पहिल्या चुकीपुरती आहे. काउंटर सोडण्याआधी पैसे मोजा, आणि जास्त आले असतील तर तिथल्या तिथे, त्याच माणसाला सांगा. थेट मॅनेजरकडे जाऊ नका. तुमचा हेतू चांगला असतो, पण बोलणी त्या पोराला बसतात.

रानजाई:
मला उलटा अनुभव आला. ट्रॉलीच्या तळाशी राहिलेली वस्तू परत घेऊन गेले तर दारावरच अडवलं, "याची पावती कुठे आहे?" पावती नव्हती म्हणूनच तर आले होते! दहा मिनिटं सगळ्यांसमोर उभं केलं. पुन्हा असं करेन का, सांगता येत नाही.

पायवाट:
@रानजाई, वाचून वाईट वाटलं. ही भीती मलाही होती, म्हणून मी आधी फोन करून सांगितलं होतं आणि ज्यांच्याशी बोलले त्यांचं नाव लिहून घेतलं होतं. तेवढ्याने निभावलं.

अधलेमधले:
कायद्याच्या बाजूने थोडं. चुकून दिलेलं परत मागता येतं, हे तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आलं आहे आणि पुढे अनेक देशांच्या कायद्यांत उतरलं आहे. देणाऱ्याने निष्काळजीपणा केला एवढ्याने घेणाऱ्याचा हक्क तयार होत नाही. त्यामुळे जास्त आलेले सुटे "चूक त्यांची" म्हणून आपले होत नाहीत.

किंमत चुकीची लावलेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. इंग्लंडमधल्या १९५३ सालच्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं की फळीवर मांडलेला माल हा विक्रीचा प्रस्ताव नाही. प्रस्ताव गिऱ्हाईक काउंटरवर मांडतं आणि दुकान तो स्वीकारतं. म्हणजे काउंटरवर किंमत बघून नकार द्यायची संधी दुकानाला असते. तिथे त्यांनी छापील किमतीला पैसे घेतले, तर माझ्या मते व्यवहार पूर्ण झाला. किंमत बरोबर आहे असं गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर त्याने परत जायची गरज नाही. एखादं शून्य गळलंय हे उघड दिसत असताना गपचूप दहा नग उचलणं हे मात्र मी त्यात धरत नाही.

निळीशाई:
या विषयाशी लागून असलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला होता. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून जास्त "हरवलेली" पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली गेली, आणि किती जण मालकाला कळवतात ते पाहिलं. पैसे नसलेल्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के लोकांनी कळवलं, पैसे असलेल्यांबद्दल सुमारे ५१ टक्के. तीन देशांत पाकिटात बरीच मोठी रक्कम ठेवून पाहिली, तेव्हा हा आकडा ७२ टक्क्यांवर गेला. रक्कम वाढली की लोभ वाढेल असाच बहुतेकांचा अंदाज होता. अभ्यासकांचा निष्कर्ष असा की माणसाला स्वतःला चोर म्हणून बघणं सहन होत नाही, आणि रक्कम जितकी मोठी तितकं ते जास्त बोचतं. पायवाट यांची चादर तीन दिवस कपाटात का पडून होती, हे मला यातून कळलं.

उलटतपासणी:
@निळीशाई, तोच अभ्यास मीही वाचलाय. त्या पाकिटांत एक किल्लीही होती. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही, फक्त मालकाच्या कामाची. काही पाकिटांतून ती काढून घेतली तेव्हा कळवणारे कमी झाले. याचा अर्थ लोक समोरच्या माणसाचा विचार करून परत करतात. कंपनीच्या खिशात कसली किल्ली?

गल्ला_मोजलाय:
सुट्या पैशांच्या बाबतीत ती किल्ली माझ्या खिशात होती. सिस्टिमच्या चुकीबद्दल मी तुमच्याशी भांडत नाही.

उलटतपासणी:
तुमचा पहिला प्रतिसाद वाचल्यापासून मी मागचं आठवतोय. एकदा बाहेर आल्यावर सुटे जास्त वाटले होते. मोजायचं मुद्दाम टाळलं, कारण मोजलं असतं तर परत जावं लागलं असतं. ते चुकलं. समोर माणूस असताना पैसे ठेवून घेणं चूक, हे मी मानतो. यंत्राच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. माझे पैसे दोन महिने दाबून बसलेल्यांसाठी मी पायपीट करणार नाही.

पायवाट:
@उलटतपासणी, कंपनीबाबत आपलं जुळणार नाही. माझ्या खरेपणाचा भाव त्यांच्या वागण्यावरून ठरावा, हे मला पटत नाही. पण तुमच्यावर झालेला अन्याय खरा आहे आणि तो या वादात नुसता मुद्दा म्हणून वापरून सोडून द्यावा असंही वाटत नाही. सातही मेलच्या तारखा, दोन्ही वेळा पैसे कापल्याची खात्याची नोंद आणि कूपन देऊ केल्याचं उत्तर एकत्र लावा. कूपन स्वीकारू नका. ते घेतलंत तर प्रकरण मिटलं असं ते म्हणतील. खाजगी तपशील झाकून मला पाठवा, ग्राहक तक्रारीचा मसुदा मी रविवारपर्यंत लिहून देते.