जीप रँग्लर जेके, अडीच इंच लिफ्ट: स्वे बारच्या लिंक किती लांब घ्यायच्या?

वाळूवाट (शारजा):
2012 ची रँग्लर जेके, चार दारांची, रुबिकॉन नाही, म्हणजे बटणाने स्वे बार सोडायची सोय नाही. अडीच इंच लिफ्ट केलीय (गाडी तेवढी उंच केलीय), स्प्रिंग आणि शॉक नवे. स्वे बार म्हणजे गाडीला कलू न देणारा आडवा दांडा, त्याचे हात ॲक्सलला जोडणाऱ्या लिंक मात्र कंपनीच्याच. स्पीडब्रेकर एका चाकाने तिरका घेतला की पुढून ‘ठक्क’ असा एकच आवाज येतो. पुढच्या बारचे हात (दोन्ही टोकांचे वळलेले भाग) खाली झुकलेत. ॲडजस्टेबल (लांबी कमी-जास्त होणाऱ्या) लिंक घेणार आहे, लांबी कशी ठरवू? मागच्याही बदलाव्या लागतील का? गाडी हत्ताच्या वादीत (डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रात) दगडांवर जाते, कधी वाळूतही.

पाना१८:
आधी खात्री करा. दोन्ही लिंक काढून तोच स्पीडब्रेकर अगदी हळू घ्या. आवाज गेला तर दोष लिंकचाच. राहिला तर ट्रॅक बार (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) बघा: चाकं जमिनीवर, इंजिन सुरू, एकाने स्टीअरिंग थोडं डावं-उजवं करायचं, दुसऱ्याने ट्रॅक बारच्या टोकावर बोट ठेवून तिथे हालचाल जाणवते का बघायचं. लिफ्टनंतर तो बोल्ट सैल राहणं जेकेत नेहमीचं. तो 125 फूट-पाउंडला (टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर) आवळावा लागतो.

हात झुकलेत कारण ॲक्सल खाली गेला आणि लिंक तेवढीच राहिली. चाक पूर्ण लोंबलं की हात आणि लिंक जवळपास एका रेषेत येतात. त्यापुढे गेलं तर बार उलटा पडून अडकतो, आणि चाक वर येताना लिंक वाकते किंवा तुटते.

लांबी: जुन्या लिंकच्या दोन डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, त्यात लिफ्ट मिळवा. पण लिफ्ट प्रत्यक्ष मोजलेली धरा, खोक्यावर छापलेली नको. विंच आणि लोखंडी बंपर असेल तर अडीचचे दोनच इंच भरतात. गाडी जमिनीवर असताना हात जवळपास आडवा, लिंक उभी, हे खरं माप. गरजेपेक्षा लांब घेतली तर हात वर जातो आणि चाक दबल्यावर वर आपटतो.

बसवताना गाडी सपाट जागी, चारही चाकांवर. दोन्ही जुन्या लिंक आधी सोडवा. एक बाजू बसली की दुसरीचा बोल्ट हाताने सरकला पाहिजे. पहार लावावी लागली तर बारला पीळ बसतोय, गाडी एका अंगाला झुकेल. अर्धा-एक आटा फिरवून जुळवा. रॉडचे आटे लिंकच्या आत व्यासाच्या किमान दीडपट हवेत: 14 मिमी रॉडला 21 मिमी. कंपनीच्या लिंकला वर-खाली 75 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 100 न्यूटन-मीटर. नव्या लिंकसोबत वेगळा आकडा आला असेल तर तोच पाळा. रबरी बुशचे बोल्ट गाडी लोंबती असताना आवळू नका. बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

दगडधोंडा:
मागच्यासाठी पैसे घालू नका. पुढच्या काढलेल्या कंपनी लिंक मागे लावा. त्या मागच्यांपेक्षा लांब असतात, अडीच इंचाला पुरतात. अर्थात बुश आणि बॉलजॉइंट शाबूत हवेत, रबरी बूट फाटलेला असेल तर नको.

पुढे हाइम जॉइंट (लिंकच्या टोकाचा धातूचा गोळा-सांधा) मोकळा फिरतो, पण वाळू शिरली की झिजून खटखटायला लागतो. वाळूत नेहमी जाणार असाल तर रबर किंवा पॉलियुरेथेन बुशची लिंक घ्या. पॉलीला सिलिकॉन ग्रीस लावलं नाही तर ते किरकिरतं.

वाळूवाट:
धन्यवाद. बार सरळ काढून टाकला तर? चाक जास्त खाली येईल ना?

पाना१८:
येईल, पण शेख मोहम्मद बिन झायेद रोडवरून तुम्ही तीच गाडी घरी आणणार. वेगात अचानक लेन बदलली की बार नसलेली उंच गाडी फार कलते. क्विक डिस्कनेक्ट लिंक (पिन काढून झटकन सुटणाऱ्या) घ्या, वादीच्या तोंडाशी सोडा. सोडलेला हात पट्ट्याने वर बांधून ठेवा, नाहीतर तो टायरला किंवा ब्रेकच्या नळीला घासतो. रस्त्याला लागण्याआधी सपाट जागी परत जोडा, तिरप्या जागी पिन बसतच नाही. मागचा बार जोडलेलाच राहू द्या.

दगडधोंडा:
काम झाल्यावर जॅमनटवर (लिंकची लांबी पक्की धरणारा नट) पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, नटावरून रॉडपर्यंत. शंभर किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा द्रव) लावून पुन्हा आवळा, आणि त्याच वेळी स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून लिंक आणि टायरमध्ये बोट जातंय का बघा.