सिक्रेट बरोबर असूनही उत्तर येत नसेल तर

रेडियस म्हणजे वायफायला जोडू पाहणाऱ्याची ओळख सर्व्हरकडून तपासून घेणारी पद्धत. तिची रिक्वेस्ट दिसते पण सर्व्हर उत्तरच देत नाही म्हणजे शेअर्ड सिक्रेट (ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर दोघांत सारखाच टाकायचा गुप्त शब्द) चुकलंय, असं सांगतात ते बऱ्याचदा खरं, पण एक कारण राहून जातं. चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे तेच झालं, सर्व्हर फोंड्याला, ॲक्सेस पॉइंट वास्कोला, पासवर्डवाले लॅपटॉप पटापट जोडले जायचे आणि सर्टिफिकेटवाले सगळे अडकायचे. टीसीपीडंपला (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम) यूडीपी पोर्ट १८१२, म्हणजे रेडियसचा पोर्ट, असा फिल्टर लावून दोन दिवस बघत बसलो, रिक्वेस्टचा तोच आयडी पुन्हा पुन्हा येतोय, उत्तर नाही, सिक्रेट तर तीनदा टाकून झालं.

गोची अशी की सर्टिफिकेटमुळे पॅकेट १५०० बाइटच्या वर जातं आणि त्याचे तुकडे होतात, पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो, त्यामुळे पोर्टच्या फिल्टरमधे पुढचा तुकडा आला काय नि न आला काय, दिसतच नाही! शेवटी फिल्टरमधून पोर्ट काढून नुसता 'होस्ट' हा शब्द आणि ॲक्सेस पॉइंटचा आयपी दिला, वास्कोच्या टोकाला दोन्ही तुकडे निघताना दिसले, फोंड्यात एकच पोचत होता. मधला फायरवॉल तुकडे अडवत होता, तो नियम बदलला आणि लगेच ॲक्सेस-ॲक्सेप्ट, म्हणजे सर्व्हरचा होकार, आलं. म्हणून कृपया आधी पोर्टऐवजी होस्टचा फिल्टर लावून कॅप्चर घ्या, तेही दोन्ही टोकांना, सिक्रेटला हात नंतर लावा.