सोनाराच्या मोडीत सापडलेलं पदक: शिपायाचं का लॉजचं?

रामटेकचे_गुरुजी:
आमच्या गावच्या सोनाराच्या मोडीच्या डब्यात, जोडव्या-वाळ्यांखाली हे पडून होतं. म्हातारा वितळवायलेच निघाला होता. म्हटलं, थांबा बाप्पा, चांदीच्या भावात मलेच द्या. क्रॉससारखा आकार, मधात पंखवाली आकृती गुडघ्यावर बसून देऊळ धरून आहे, दोन्ही बाजूंना १९१४ अन् १९१८. निळ्या फितीची पार चिंधी झाली. मागं इंग्रजीत नाव अन् नंबर कोरला आहे. कामठीची इंग्रजांची छावणी जवळच, म्हणून वाटते गोऱ्या शिपायाचं असावं. सोनार म्हणते, ॲसिडात टाकून उजळून देतो. देऊ का?

कामठीचा_भंगारप्रेमी:
अजिबात नका देऊ, गुरुजी! हे लढाईचं नाही, फ्रीमेसन लॉजचं आहे. फ्रीमेसन म्हणजे एक जुनी बंधुसंघटना, तिच्या शाखेले लॉज म्हणतात. ते लोक याले ‘ज्वेल’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्या मेसन लोकांच्या स्मरणार्थ लंडनले फ्रीमेसन्स हॉल बांधला, तो १९३३ मध्ये पुरा झाला. त्या फंडात किमान दहा गिनी (जुनं इंग्रजी चलन) देणाऱ्याले हे चांदीचं पदक भेटे. हजारोंनी वाटलं आहे, म्हणून कोणी ‘लय दुर्मीळ’ म्हणून भाव फुगवला तर हसून सोडून द्या. तुमच्या पदकाची खरी किंमत मागच्या अक्षरांत आहे. नंबर बहुधा लॉजचा असेल. ‘लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स’ हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथं टाका, लॉज कुठं भरे ते निघते. कामठीची छावणी १८२१ ची, तिथलाच कोणी असू शकते. पण नंबर पाहिल्याबिगर मी शब्द देत नाही.

खामगावची_चांदी:
भिंग लावून छाप पाहा. चालता सिंह म्हणजे ९२५ टंच (हजारात ९२५ भाग चांदी), जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. आमचा धंदाच चांदीचा, तरी सांगतो, काळेपणा राहू द्या. ॲसिडानंतर पॉलिशचा ब्रश फिरला की कोरीव अक्षरं बोथट होतात. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ सुती फडकं, बस. अन् रबर बँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकानं चांदी आणखी काळी पडते.

रामटेकचे_गुरुजी:
सिंह अन् नांगर दोन्ही सापडले! नंबराचा शेवटचा आकडा मात्र ३ का ८ ते समजत नाही, खाचेत मळ बसला आहे. ती चिंधी काढून फेकू का?

कामठीचा_भंगारप्रेमी:
चिंधी मूळची असेल, राहू द्या. खाच सुईनं कोरू नका. अंधारात टॉर्च आडवी धरून फोटो काढा अन् इथं टाका, आकडा आपोआप उठून दिसते. अन् म्हाताऱ्याले सांगून ठेवा, असं काही आलं तर भट्टीच्या आधी फोन करत जा.