कुत्र्यासाठी विद्युत कुंपण : नवी मुंबईतील नियमांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नेरुळला रो-हाउसमध्ये राहतो. आमच्या तीन वर्षांच्या लॅब्रेडोर कुत्रीचा महापालिकेचा परवाना काढलेला आहे. अंगणाची भिंत जेमतेम कमरेएवढी असल्याने ती उडी मारून रस्त्यावर जाते आणि गेल्या आठवड्यात रिक्षाखाली येता येता वाचली. विक्रेत्याने अदृश्य कुंपण सुचवले आहे : जमिनीत पुरलेल्या तारेजवळ कुत्रे गेले की गळ्यातील पट्टा आधी आवाज करतो आणि ते थांबले नाही, तर ‘सौम्य’ झटका देतो. मी तो पट्टा स्वतःच्या मनगटावर धरून पाहिला, तेव्हा हात झटकन मागे आला. प्राण्याला अनावश्यक वेदना देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, आणि वेल्समध्ये तर झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. शिवाय अशा कुंपणाने बाहेरची भटकी कुत्री अडत नाहीत. तरी त्यासाठी महापालिकेची किंवा सोसायटीची परवानगी लागते का, आणि झटका बंद ठेवून केवळ आवाजावर कोणी कुत्र्याला हद्द शिकवली आहे का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. भिंतीवर जाळी चढवायची झाल्यास अर्ज कोणत्या विभागाकडे करावा, हेही कळवावे.